लहान मुलांना घेऊन बाहेर पडताना शू-शीचं काय करायचं (नव्या आईबाबांसाठी)

मूल डायपरमधून सुटलं की घरात सगळे खूश असतात, आणि मग पहिल्यांदा लांब कुठे जायचं ठरलं की त्याच घरात प्रश्न सुरू होतात. वाटेत लागली तर काय, एसटी थांबेल का, लग्नात नवे कपडे भिजले तर, लोकलमध्ये तर टॉयलेटच नसतं. आणि मग बऱ्याच घरांत जो उपाय निघतो तो म्हणजे निघायच्या आधी दोन तास पोराला पाणीच द्यायचं नाही. मी हे लिहायला घेतलं ते मुख्यतः ह्याच्यासाठी. प्लीज, मुलांचं पाणी तोडू नका. पाणी कमी पडलं की लघवी घट्ट होते, जळजळ होते, मूल आणखी रोखून धरतं, शी कडक होते आणि मग दुसऱ्या दिवशी जे रडणं होतं ते भिजलेल्या पॅंटपेक्षा कितीतरी जास्त त्रासाचं असतं. तीन वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयात साधारण 120 ते 150 मिली मावतं, म्हणजे चहाचा एखादा कप भरून. त्यातून खेळात रंगलेलं असेल तर त्याला कळतंच अगदी शेवटच्या क्षणी. ते मुद्दाम उशिरा सांगत नाही, त्याला तेव्हाच कळतं. त्यामुळे पाणी व्यवस्थित द्यायचं आणि वेळ आपण मोठ्यांनी सांभाळायची.

सुरुवात घरातच

बाहेरच्या टॉयलेटची तयारी घरी करावी लागते आणि ती एका दिवसात होत नाही, म्हणून प्रवासाच्या दोन-तीन आठवडे आधी सुरू करा. शहरातल्या बहुतेक मुलांना घरचा कमोड आणि त्यावरची कार्टूनवाली सीट एवढंच माहीत असतं, आणि बाहेर भेटतं ते भारतीय पद्धतीचं, ओलं, अंधारं, आणि पाय ठेवायच्या जागा मोठ्या माणसाच्या मापाच्या. तीन वर्षांच्या पोराचे पाय तिथे धड पोचतच नाहीत, आपण मध्ये पडू अशी त्याला खरीखुरी भीती वाटते आणि आपल्याला वाटतं हट्ट करतंय. तर घरी आंघोळीच्या आधी बाथरूममध्ये उकिडवं बसून शू करायची सवय लावा, आधी तुमचे दोन्ही हात धरून, मग एक हात धरून. एवढं जमलं तरी बाहेरची अर्धी अडचण सुटते.

अजून लहान असेल, दीड-दोन वर्षांचं, तर आजीलोकांची पायावर बसवायची पद्धत शिकून घ्या. आजी खाली बसून पाय समोर लांब करते, दोन्ही पावलं जरा फाकवून त्या पावलांवर बाळाला बसवते, तोंड आपल्याकडे, खाली कागद, आणि तोंडाने शूऽऽ शूऽऽ चालू. बाळाच्या मांड्या पोटाशी येतात, पाठीला आधार मिळतो, त्यामुळे शी सहज होते. तो शूऽऽ आवाजसुद्धा कामाचा आहे, रोज ऐकून मुलाला सवय होते आणि मग परक्या जागी तोच आवाज काढला की शरीर ऐकतं.

अजून एक गोष्ट घरातच शिकवायची. शू लागली, शी लागली हे कुणालाही मोठ्याने सांगता आलं पाहिजे, आजोबांना, ड्रायव्हर काकांना, अनोळखी मावशीलासुद्धा. पाहुण्यांसमोर मुलाने सांगितलं म्हणून कुणी हसलं तर त्या माणसाला थांबवा. एकदा हसू झालं की मूल पुढच्या वेळी सांगत नाही, गप्प उभं राहून पाय आवळत बसतं.

पिशवी वेगळी ठेवा

ही पिशवी सुटकेसच्या तळाशी असून उपयोग नाही, ती खांद्यावर हवी आणि त्यात खाऊ किंवा खेळणी भरायची नाहीत. दोन चड्ड्या, दोन पॅंट, आणि मोजे. मोजे सगळे विसरतात, पण उभ्याने शू झाली की ती पायावरून खाली ओघळत बुटात जाते आणि मग पॅंट बदलूनही मूल ओल्या मोज्यात दिवसभर फिरतं. बुटांऐवजी क्रॉक्ससारखी रबरी चप्पल घातलेली बरी, धुतली की झालं. तुमच्यासाठी एक जादा टॉप किंवा टीशर्ट, कारण मूल कडेवर असतानाच बऱ्याचदा होतं.

पाण्यासाठी वेगळी बाटली. मिनरल वॉटरची रिकामी बाटली घ्या, सुई गॅसवर तापवून झाकणाला चार-पाच भोकं पाडा (सुई पकडीत किंवा चिमट्यात धरा, हात भाजतो), झालं तुमचं हँड शॉवर. दाबली की बारीक धारा येतात, एका हाताने मूल आणि एका हाताने बाटली असं धुता येतं, पाण्याचा मग शोधायला लागत नाही आणि पाणीही कमी लागतं. न गळण्यासाठी प्रवासात साधं झाकण लावून ठेवायचं आणि भोकाचं झाकण पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात. पिण्याची बाटली आणि ही बाटली दिसायला वेगळी ठेवा, हिच्यावर मार्करने मोठी खूण करा.

मग कागदी साबण, वेट वाईप्स, एक जुना नॅपकिन, घट्ट बंद होणाऱ्या दोन-तीन प्लास्टिकच्या पिशव्या ओल्या कपड्यांसाठी, जुना पेपर, छोटी ड्राय शीट किंवा मेणकापड, दोन डायपर, रॅश क्रीम, ओआरएसचं पाकीट. सॅनिटायझर ठेवा पण त्यावर भागवू नका, शी धुतल्यावर साबणानेच हात धुवायचे, जुलाबाचे काही जंतू सॅनिटायझरने नीट मरत नाहीत. आणि सुट्टी नाणी. पे अँड यूजच्या दारात पाचशेची नोट काढून उभं राहायचं आणि आत मूल रडतंय हा प्रकार टाळता येतो.

फोल्डिंग पॉटी सीट मिळते, कमोडवर टाकायची, ती हवाई प्रवास, मॉल, हॉटेलला छान. पण भारतीय टॉयलेटला तिचा काही उपयोग नाही त्यामुळे ती आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

कपड्यांचं एक वाक्यात सांगते, मुलाला स्वतःला खाली करता येईल असा इलॅस्टिकवाला कपडा. डंगरी, बेल्ट, घट्ट जीन्स, मागे बटणं असलेले जंपसूट हे फोटोपुरते ठीक आहेत. लग्नाला मुलीला परकर-पोलकं खरं तर सोयीचं, वर उचलला की झालं, मुलाला धोतर घालायचं तर वेल्क्रोवालं शिवलेलं घ्या.

वेळ कशी सांभाळायची

मुलाला "शू लागली का?" विचारलं की उत्तर "नाही"च येतं, मग ते दोन मिनिटांत उड्या मारायला लागतं. विचारू नका, सांगा. "चल, आता आपण शू करून येऊ, मीपण जाणार आहे." घरातून निघताना, पोचल्यावर, जेवायच्या आधी, गाडी-ट्रेनमध्ये चढायच्या आधी, आणि मध्ये दर दीड-दोन तासांनी. पोचल्यावर लगेच टॉयलेट कुठे आहे ते बघून घ्यायचं, गरज नसली तरी, आणि मुलालाही दाखवून ठेवायचं.

शीचं गणित वेगळं आहे. पोटात अन्न गेलं की आतडी हलायला लागतात, त्यामुळे जेवणानंतर वीस-तीस मिनिटांत शी लागायची शक्यता सगळ्यात जास्त, सकाळच्या पहिल्या नाश्त्यानंतर तर हमखास. म्हणून सकाळी सातला निघायचं असेल तर मुलाला सहालाच उठवा, कोमट दूध किंवा नाश्ता द्या आणि दहा मिनिटं शांत बसवा. झोपेतून उचलून थेट गाडीत टाकलं की ती शी पुढच्या टोलनाक्याच्या आधी येणार असं समजूनच चाला. वाटेतल्या हॉटेलात जेवलात तर बिल देऊन लगेच निघू नका, अर्धा तास तिथेच रेंगाळा.

एसीत आणि पावसाळ्याच्या थंडीत शू जास्त वेळा लागते, उन्हात कमी वेळा. उन्हात चार-पाच तास शूच झाली नाही आणि झाली ती गडद पिवळी, तर पाणी कमी पडतंय.

शहरात कुठे नेता येईल

गूगल मॅपवर सार्वजनिक शौचालय असं टाकून शोधलं तर जवळची दिसतात, खालचे अभिप्राय वाचा, विशेषतः बायकांनी लिहिलेले. सुलभ शौचालयं बहुतेक मोठ्या स्टँडजवळ आणि बाजारात असतात, सुलभ इंटरनॅशनलचं काम 1970 पासून चालू आहे आणि जिथे माणूस दारात बसलेला असतो तिथे निदान पाणी असतं हा माझा ठोकताळा आहे. मेट्रो स्टेशन, मॉल, मोठी हॉस्पिटलं, पेट्रोल पंप. पंपावर टॉयलेट, पिण्याचं पाणी आणि टायरमधली हवा ह्या सोयी असायलाच हव्यात असा तेल कंपन्यांचाच नियम आहे, त्यामुळे कुलूप असेल तर संकोच न करता किल्ली मागा. छोट्या हॉटेलात, दवाखान्यात, कपड्याच्या दुकानात "लहान मूल आहे, टॉयलेट वापरू का?" असं विचारलं तर मूल बघून बहुतेक लोक हो म्हणतात. नंतर जागा स्वच्छ करून या म्हणजे पुढच्या आईलाही हो म्हणतील.

एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष असतो, बाळाला पाजण्यासाठी. तिथे तान्ह्याचं डायपर बदलता येतं. बंद दिसला तर वाहतूक नियंत्रकांच्या खिडकीत जाऊन उघडून मागा, तो आपल्यासाठीच केलेला आहे.

बायकांना सार्वजनिक मुताऱ्या नाहीत, आहेत तिथे पैसे घेतात, ह्यावर मुंबईत 2011 पासून राइट टू पी नावाने बायकांनी चळवळ चालवली. त्यात मुलांचा प्रश्न आपोआप येतो, कारण बाहेर मुलाला शूला नेणारी बहुतेक वेळा बाईच असते आणि लेडीज टॉयलेटची रांग लांब. रांगेत पुढच्या बायकांना सरळ सांगा, लहान मूल आहे, आधी जाऊ द्या. कुणी नाही म्हणत नाही, आपणच मागत नाही.

आत गेल्यावर, एक एक करून

आधी तुम्ही आत जाऊन बघा, मूल दारात. जमिनीवर पाणी असेल तर तुमची सलवार, साडी, पॅंट वर खोचा. पिशवी खाली ठेवायची नाही, दाराच्या मागच्या खिळ्याला किंवा खांद्यावर तिरकी. एक बादली पाणी आधी भांड्यात ओता, त्यामुळे वासही कमी होतो आणि मुलाला स्वच्छ दिसतं.

मुलाची पॅंट आणि चड्डी पूर्ण काढा, गुडघ्यापर्यंत खाली करून अजिबात भागत नाही, ती भिजतेच. काढलेले कपडे तुमच्या गळ्यात टाका. चप्पल पायातच राहू द्या.

आता भारतीय टॉयलेट असेल तर दोन पर्याय. उकिडवं बसायला येत असेल तर मुलाला आडवं नाही, नीट समोर तोंड करून बसवा, पाय त्या खाचांच्या आतल्या कडेला, आणि तुम्ही समोर वाकून दोन्ही हात धरा. येत नसेल तर धरायचं. मुलाची पाठ तुमच्या पोटाला टेकलेली, तुमचे दोन्ही हात त्याच्या मांड्यांखालून, गुडघे त्याच्या छातीकडे, तुम्ही स्वतः थोडं गुडघ्यात वाकून. कमरेतून वाकलात तर पाठ धरेल, वजन मांड्यांवर घ्या. मुलगा असेल तर धार समोर दारावर उडते, ती खाली वळवायला त्यालाच शिकवा.

कमोड असेल आणि सीट जवळ नसेल तर मुलाला उलटं बसवा, टाकीकडे तोंड करून, घोड्यावर बसल्यासारखं. असं बसलं की पाय फाकतात, मागे पडायची भीती जाते आणि टाकीवर हात टेकता येतात. बसायच्या आधी सीट वाईपने पुसायची, टिश्यूच्या दोन पट्ट्या टाकल्या तरी चालतं. मॉल आणि विमानतळावर आपोआप फ्लश होणारे कमोड असतात, मूल लहान असतं, सेन्सरला माणूस नीट दिसत नाही आणि मूल बसलेलं असतानाच तो प्रचंड आवाज होतो. एकदा घाबरलं की ते मूल पुढे महिनोन् महिने बाहेर बसायला तयार होत नाही. सेन्सरवर चिकटणारा कागदाचा तुकडा लावा, नाहीतर हाताच्या तळव्याने तो झाकून धरा, मूल बाहेर आल्यावर काढा. विमानातला फ्लशही असाच, आधी सांगायचं, कान झाकायचे, आणि दार उघडून मग बटण दाबायचं.

धुताना मुलींचं पुढून मागे, कायम. मागून पुढे हात आणला तर शीतले जंतू लघवीच्या जागेत जातात आणि इन्फेक्शन होतं. मुलीला स्वतःला धुवायला शिकवतानाही हेच पहिल्या दिवसापासून. नंतर नॅपकिनने कोरडं टिपून मग चड्डी.

बाबा आणि मुलगी बाहेर असतील तर काय हा प्रश्न सारखा येतो. फॅमिली किंवा दिव्यांगांसाठीचं टॉयलेट रिकामं असेल तर तिथे न्या, मात्र कुणा दिव्यांग माणसाला गरज लागली तर लगेच मोकळं करा. ते नसेल तर बाबाने मुलीला कडेवर घेऊन सरळ जेंट्समध्ये बंद खोलीच्या टॉयलेटमध्ये न्यायचं, यात काही गैर नाही. लेडीजच्या दारातल्या मावशींना विनंती करता येते पण मुलीला अनोळखी बाईबरोबर एकटं आत पाठवू नका. पाच-सहा वर्षांचा मुलगा एकटा जायचा हट्ट करत असेल तर तुम्ही दारात उभं राहून त्याच्याशी बोलत राहा. आणि आई-बाबा-आजी सोडून कुणी चड्डी काढायला मदत करायला आलं तर ओरडायचं, हे मुलाला आधीच सांगून ठेवलेलं असावं.

ट्रेन

मुंबई लोकलमध्ये टॉयलेट नाही. कर्जत-कसाऱ्याहून सीएसएमटीपर्यंत दोन-अडीच तास लागतात, तेव्हा चढायच्या आधी स्टेशनवर नेणं हाच उपाय, आणि तरी लागलीच तर पुढच्या स्टेशनला उतरायचं. एक गाडी गेली तर गेली. गर्दीत "जरा थांब, आलंच" असं वीस मिनिटं म्हणत बसण्यात मुलाचे हाल आहेत.

लांबच्या गाडीत टॉयलेट डब्याच्या दोन्ही टोकांना असतात. चढल्याबरोबर दोन्ही बाजूंची बघून घ्या, सुरुवातीला स्वच्छ असतात आणि पाणी असतं. सकाळी सहा ते आठ रांग लागते म्हणून मुलाला एक तर साडेपाचला न्या नाहीतर नाश्त्यानंतर. रात्री झोपायच्या आधी एकदा नक्की. गाडी धडधडत असते, तुम्ही पाय फाकवून भिंतीला पाठ टेकवा, दांडा एका हाताने पकडा, मूल एका हातावर तोलता येत नसेल तर दुसऱ्या मोठ्या माणसाला दारात उभं करा. पाणी संपलं किंवा फारच घाण असेल तर 139 ला फोन करा किंवा रेल मदद ॲपवर पीएनआर टाकून तक्रार करा, पुढच्या स्टेशनवर माणूस येतो, निदान मागणी तरी पोचते.

आता डब्यांना बायो टॉयलेट असतात, खाली टाकीत जिवाणू शी विरघळवतात. त्यात डायपर, वाईप, बाटली टाकली की ती तुंबते आणि मग पूर्ण डब्याला रात्रभर त्रास. पाण्याशिवाय काहीही टाकायचं नाही, पेपरमध्ये गुंडाळून पिशवीत आणि स्टेशनवरच्या डब्यात.

एसटी आणि गाडी

एसटीत चढतानाच कंडक्टर काकांना विचारा पुढचा थांबा कुठे, किती वेळाने, आणि सांगून ठेवा की लहान मूल आहे, लागलं तर थांबवाल ना. आधी सांगितलेलं असलं की ते लक्षात ठेवतात, घाट संपल्यावर स्वतःहून मागे वळून विचारणारे कंडक्टर मी पाहिलेत. थांब्यावर आधी टॉयलेट, मग वडापाव. रात्रभराच्या प्रवासात डायपरमधून नुकत्याच सुटलेल्या मुलाला झोपताना डायपर घातलं तर माझ्या मते काही बिघडत नाही, पण जागं असताना "घातलंय ना, कर त्यातच" असं सांगू नका. इतक्या कष्टाने शिकलेली गोष्ट आपणच मोडतो.

स्वतःची गाडी असेल तर डिकीत एक साधी प्लास्टिकची पॉटी ठेवा, तळाशी जुना पेपर आणि त्यावर उघडलेलं डायपर अंथरा, शू त्यात शोषली जाते, सांडत नाही. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर कडेला गाडी उभी करणं धोक्याचं आहे आणि नियमातही बसत नाही, मागून भरधाव ट्रक येत असतात, मुलाला घेऊन तिथे उतरायचंच नाही. फूड मॉलला थांबा. शनिवार-रविवारी खंडाळा घाटात ट्रॅफिक अडकतं तेव्हा घाट सुरू व्हायच्या आधीच्या थांब्यावर सगळ्यांना नेऊन आणा, लागलेलं नसलं तरी. पूर्ण अडकलातच तर गाडी थांबलेली असताना मागच्या सीटवरच पॉटी, खाली ड्राय शीट. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा आहे आणि गावांना वळसा घालून जातो, जुन्या रस्त्यासारखं दर दहा मिनिटाला हॉटेल दिसत नाही, म्हणून पंप दिसला की थांबायचं, पुढचा बघू म्हणायचं नाही.

लग्न, रांगा, गणपती, गड

मंगल कार्यालयात अक्षतांच्या अर्धा तास आधी मुलाला नेऊन आणा, पंगत उठली की टॉयलेटमध्ये पाणीच पाणी होतं. देवस्थानच्या रांगेत शिरताना सेवेकऱ्यांना विचारा आत टॉयलेट कुठे आहे आणि मधून बाहेर पडून परत येता येतं का, उत्तर नाही असेल तर एकाने रांगेत, एकाने मुलासोबत बाहेर. पुण्यात गणपतीत रस्ते बंद असतात, महापालिका फिरती शौचालयं ठेवते पण गर्दीतून तिथे पोचायला वेळ लागतो, त्यामुळे लहान मुलांना देखावे दाखवायचे तर दुपारी किंवा संध्याकाळी लवकर न्या.

गडावर शक्यतो पायथ्याशीच उरका. वर लागलीच तर पाण्याच्या टाक्यांपासून आणि वाटेपासून साठ-सत्तर मीटर लांब, खुरप्याने किंवा काठीने वीतभर खड्डा करा, झाल्यावर मातीने बुजवा. टाक्यांतलं पाणी लोक पितात. वाईप आणि डायपर खाली घेऊन यायचं, दगडाखाली लपवायचं नाही.

झालंच चड्डीत तर

होणार, सगळ्यांची मुलं करतात. पहिल्यांदा तुमचा चेहरा शांत ठेवा कारण मूल तुमच्याकडेच बघत असतं. "असू दे, बदलू" एवढंच बोला. बाजूला न्या, ओढणी किंवा टॉवेलचा आडोसा करा, भर बाजारात नागडं करू नका, तीन वर्षांच्या मुलालाही लाज असते. कपडे काढा, बाटलीने कंबरेपासून खाली धुवा, पाय आणि बोटांच्या मधेसुद्धा, पुसा, घाला. ओले कपडे पिशवीत बांधा. एसटीची सीट भिजली असेल तर पेपरने टिपून घ्या आणि कंडक्टरला सांगा, कोरडं फडकं मागा. नंतर हा किस्सा मुलासमोर कुणाला सांगायचा नाही, मावशीला फोनवरसुद्धा नाही.

एकदा झालं म्हणून पुढे दर दहा मिनिटांनी नेऊ नका, त्याने मूल वैतागतं. नेहमीच्या दीड-दोन तासांवर या.

डायपर टाकताना आतली शी आधी टॉयलेटमध्ये झाडा, डायपर गुंडाळून त्याच्याच टेपने बंद करा, पेपरात बांधा. घनकचरा नियमांतही असंच नीट गुंडाळून वेगळं द्यायला सांगितलंय. पुण्यात ‘स्वच्छ’ ह्या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेतल्या ताईंनी त्या पुडीवर लाल ठिपका काढायची पद्धत आणली, म्हणजे त्यांना हात लावायच्या आधी कळतं आत काय आहे. तुम्ही कुठल्याही गावात असा, पेनाने लाल खूण करायला सेकंद लागतो.

प्रवासात पोट बिघडलं, पातळ शी सुरू झाली तर पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात ओआरएस पूर्ण पाकीट मिसळायचं, अर्धं-अर्धं नाही, आणि प्रत्येक शीनंतर चमच्याने पाजायचं. टेट्रापॅकमधली गोड पेयं म्हणजे ओआरएस नाही, डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेलं बघून घ्या. पाकीट नसेल तर एक लिटर पिण्याच्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

घरी परतल्यावर

बरीच मुलं बाहेर शी रोखून धरतात आणि त्यात वेफर्स, बिस्किटं, मैद्याचे पदार्थ, पाणी कमी, त्यामुळे परत आल्यावर दोन-तीन दिवस कडक होते. पपई, पेरू, भिजवलेल्या मनुका, ताक, भरपूर पाणी द्या, दूध जरा कमी करा, आणि जेवणानंतर रोज पाच-दहा मिनिटं घाई न करता बसवा. पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवा. खड्यांसारखी शी होत असेल, शीच्या वेळी मूल कोपऱ्यात लपून पाय आवळत असेल, किंवा चड्डीला सारखे पातळ डाग पडत असतील तर ते आळशीपणा नाही, आत कडक शी साठून बाजूने पातळ झिरपतं, तेव्हा रागावू नका, डॉक्टरांना दाखवा. तसंच शू करताना रडणं, सारखी थोडी थोडी शू, लघवीला उग्र वास, पोटात दुखणं, किंवा सर्दी-खोकला काही नसताना ताप, ह्यातलं काही दिसलं तर वाट न बघता बालरोगतज्ज्ञांकडे जाऊन लघवी तपासून घ्या. जाताना मूल दिवसातून किती वेळा शूला जातं, शी शेवटची कधी आणि कशी झाली, हे कागदावर लिहून न्या, डॉक्टर पहिलं तेच विचारतात.